शिट्टी कुठून येते

४ मार्च

आजपासून लिहायचं ठरलं. ठरलं म्हणजे गॅरेजवाल्या मिस्त्रीने ठरवलं. पाच एप्रिलला गाडीचं पासिंग आहे, आणि वीस वर्षांवरच्या गाडीला आता नवीन नियम: काय बिघडलं, कधी नीट केलं, ह्याची तारीखवार नोंद आरटीओच्या साहेबाला दाखवायची. मिस्त्रीने स्पेअर पार्टच्या दुकानातून आलेली फुकटची डायरी माझ्या पोटावर आपटली. म्हणाला, "लिही. तुझ्या तोंडच्या गोष्टी साहेब ऐकून घेणार नाही." मी म्हणालो, चौतीस वर्षं स्टिअरिंग धरलंय, वही नाही. त्यावर तो मान खाली घालून काहीतरी पुटपुटला. हल्ली फार पुटपुटतो. साठी उलटली की होतं तसं. मला अजून दोन वर्षं आहेत.

तर नोंद. दहा चाकी टिपर, वय बावीस. खाणीतून दगड भरायचा आणि खडी मशीनच्या तोंडात ओतायचा, दिवसाला नऊ-दहा खेपा. मालक मी, ड्रायव्हर मी. सोबत मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. वय अठ्ठेचाळीस. चाकं बघणं, ग्रीस मारणं, मागे उभं राहून रिव्हर्स लावून देणं आणि दिवसभर बडबडणं ही त्याची कामं. जड गाडीचं लायसन्स त्याच्याकडेही आहे, अकरा वर्षं झाली. पण हिला हात लावू दिलेला नाही. बायको गाडीला सवत म्हणते.

पासिंग झालं तर आणखी एक वर्ष. नाही झालं तर गाडी कापून भंगारात. माझं आणि मेव्हण्याचं, अशी दोन घरं हिच्यावर उभी आहेत, त्यामुळे ह्या महिन्यात एकेक दुखणं काढायचं. सकाळी स्टार्ट व्हायला रडते. क्लच सुटतो. पुढच्या डाव्या स्प्रिंगच्या पाट्यातलं एक पान मोडलंय. ब्रेकच्या टाकीतली हवा उतरते. आणि एक बारीक शिट्टी येते. ती कुठून येते हे अजून सापडलेलं नाही.

५ मार्च

सकाळचं रडणं संपलं. डिझेलच्या नळीत हवा शिरत होती, फिल्टरच्या वॉशरपाशी. वॉशर बदलला, हातपंप मारून हवा काढली, अर्ध्या फेरीत इंजिन लागलं.

दुसरं. मिस्त्री म्हणत होता गिअरबॉक्स वाजतोय. मी म्हणालो गिअरबॉक्स नाही, शाफ्टचा क्रॉस. मागच्या चाकांकडे जोर नेणारा जो लांब दांडा, त्याचा सांधा. "खोल आणि बघ." खोलला. क्रॉसच्या चारपैकी एका टोकाची सुईबेअरिंग पार पीठ झालेली. मिस्त्रीने नुसतं माझ्याकडे पाहिलं. इंजिनावर लांब स्क्रू-ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावली की डिझेल फवारणारं कुठलं नोजल दमलंय ते मी आजही सांगतो. आजही तिसरं सांगितलं आणि तिसरंच निघालं. काटे, मीटर, दिवे हे ज्यांना कान नाहीत त्यांच्यासाठी. हवेचा काटा माझ्या गाडीत सहा वर्षं बंद आहे, माझं काय अडलं?

७ मार्च

क्लच प्लेट नवी टाकली. दिवस गेला त्यात.

शिट्टीचा शोध. हवेची गळती शोधायची तर साबणाचा फेस नळ्यांवर फासायचा, जिथे बुडबुडा येईल तिथे भोक. घरून कपड्यांचा साबण नेला, त्यावरून घरी बोलणी खाल्ली. टाकीपासून मागच्या चाकांपर्यंत एकूणएक नळी फेसाने माखली. मेव्हणा म्हणाला, "दाजी, आता तेल लावून न्हाऊ घाला." एकही बुडबुडा नाही. शिट्टी मात्र चालूच. मी दोघांना विचारलं, ऐकू येतेय ना? दोघांनी कान टवकारले आणि नाही म्हणाले. कान असा बसल्या जागी मिळत नाही, घडवावा लागतो.

जाता जाता मिस्त्री मागच्या उजव्या चाकापाशी थबकला आणि म्हणाला, "इथे गळतंय की सूं करून." तिथल्या ब्रेकच्या बूस्टरचं रबर चिरलेलं. मी तिथूनच दोनदा गेलो होतो. पण मी शिट्टी शोधत होतो, माझं लक्ष तिकडे नव्हतं. रबर बदललं.

९ मार्च

सुट्टी. घराची बेल खराब झालीय. मेव्हणा दारात उभा राहून दाबत होता म्हणे, मी आत बसून पेपर वाचत होतो. बेल खोलली, तारा घासल्या, सेल नवा घातला. तरी ढिम्म. बायको म्हणते वाजतेय. मी म्हणालो, कुठे वाजतेय? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच बेल आहे.

टीव्हीचंही तेच. शेजारीण येऊन सांगून गेली आवाज कमी करा. बायको म्हणाली, "कानातला मळ तरी काढून या एकदा." चौतीस वर्षं ज्या कानांवर घर चाललं त्यांना मळ म्हणते. मी एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं.

गाडी किती डोक्यात बसलीय बघा. घरी बसलो तरी शिट्टी ऐकू येते.

११ मार्च

आज वाईट झालं.

तिसरी खेप. खडी मशीनच्या तोंडापाशी चौथरा आहे, त्याच्या कडेला लोखंडी खांब. मी रिव्हर्स घेतो, मेव्हणा मागे बाजूला उभा राहून येऊ द्या येऊ द्या करतो, थांबा म्हणाला की मी थांबतो. बावीस वर्षांत लाखभर वेळा केलं असेल. आज तो थांबा म्हणालाच नाही. मी घेत राहिलो. आरशात खाणीवरचा मुकादम दिसला, दोन्ही हात वर करून धावत येत होता, म्हणून ब्रेक मारला. उतरून पाहतो तर मेव्हणा खांबाला चिकटलेला, पांढराफटक, डावा हात गाडीचा मागचा फाळका आणि खांब ह्यांच्या मधे. गाडी पुढे घेतली तेव्हा हात सुटला. दोन बोटं मोडली. अंग चोरून बाजूला झाला म्हणून बोटांवर निभावलं. नाहीतर छाती होती तिथे.

मी त्याच्यावरच ओरडलो. ओरडला का नाहीस म्हणून. तो हात पोटाशी धरून खाली बसला.

मुकादम म्हणाला बोंब खाणीच्या तळापर्यंत ऐकू आली. ती हात सापडल्यावरची. आधी ओरडला असता तर बोंबलायची वेळ आली नसती.

१२ मार्च

दवाखान्यात बसून होतो. बोटांना पट्ट्या घालून हात बांधलाय, महिनाभर तरी. मी पुन्हा विचारलं, अरे झालं काय होतं? तो म्हणाला, "माझीच चूक दाजी. घशातून आवाजच निघाला नाही." हे त्याने माझ्या अगदी समोर येऊन, एकेक शब्द तोडून सांगितलं. बहुतेक अजून धक्क्यात आहे.

एरवी ज्याच्या तोंडाला कुलूप नाही त्याचा आवाज नेमका तेव्हाच बसावा? मनाला पटत नाही. पण तोच सांगतोय म्हटल्यावर. बायको भावाच्या उशाशी बसलीय, माझ्याशी बोलत नाही. बोलते असं वाटलं, पण ओठांतल्या ओठांत. मला जेवण गेलं नाही. मेव्हणा माझ्या लग्नात चौदा वर्षांचा होता, पंगतीत माझी चप्पल लपवून बसला होता.

ही वही साहेबाला दाखवायची होती. आता ह्यात घरचं आलं. त्याच्यासाठी दुसरी करीन.

१६ मार्च

पाट्याचं पान बदललं. ब्रेकचे मागचे चारही ड्रम खोलले. लायनर इतके झिजलेले की रिव्हेट ड्रमला घासत होते, ड्रमवर चर पडलेत. मिस्त्री म्हणाला, "हे किंचाळत असणार रे. तुला कळलं नाही?" किंचाळले असते तर कळलं नसतं का? ड्रम कातून आणायला दिले.

हवेचा काटा मिस्त्रीने हट्टाने दुरुस्त केला. पासिंगला लागतो. बझरही लागतो. आमचे ब्रेक हवेचे. टाकीत हवा आहे तोवर ब्रेक आहे, हवा गेली की ब्रेक गेला. म्हणून हवा धोक्याच्या खाली उतरली की केबिनमध्ये बझर ओरडतो आणि ड्रायव्हरला सांगतो, बाबा रे थांब. माझा कधीचा बंद पडलाय. मिस्त्रीने दुसरा बसवला. बटण दाबून म्हणतो, "झाला बघ." कुठे झाला? काही वाजलं नाही. मी तसं म्हणालो. तो बराच वेळ बटणावर बोट ठेवून माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं, नसेल वाजत." आणि खाली उतरून हात पुसत बसला.

त्याचं काम आता पहिल्यासारखं राहिलं नाही. हे मी त्याच्या तोंडावर बोललो नाही. बोलायला हवं होतं.

२० मार्च

बोललो. आणि बोलू नये ते बोललो.

मी स्वतः दुकानातून नवा बझर आणला आणि स्वतः बसवला. नाही वाजला. परत जाऊन दुसऱ्या कंपनीचा आणला. तोही नाही. माल सगळा नकली. दुकानदार म्हणतो काउंटरवर लावून दाखवतो. त्याने तारा जोडल्या आणि विजयी मुद्रेने उभा राहिला. मी म्हणालो, मला मूर्ख समजता का? तेवढ्यात मिस्त्री आत आला, मला दंडाला धरून बाहेर घेऊन गेला आणि म्हणाला, "चल, एकदा कानाच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ." तिथे माझं डोकं फिरलं. नाचता येईना अंगण वाकडं. तीन बझर ह्याला चालू करता येत नाहीत आणि दोष माझ्या कानांचा. गिअरबॉक्स की क्रॉस, कोणी सांगितलं होतं? मी म्हणालो, तुझे हात गेले मिस्त्री, आता चहाची टपरी टाक.

तीस वर्षांची दोस्ती. त्याने माझा दंड सोडला आणि निघून गेला. गाडी त्याच्याच गॅरेजात आहे.

२४ मार्च

गॅरेजवर गेलो तर तिघंही तिथे. मिस्त्री, बायको आणि बांधलेल्या हाताचा मेव्हणा. मी आत पाऊल टाकताच गप्प. बायको कधी गॅरेजची पायरी चढत नाही, सवतीचं तोंड बघायला नको म्हणून. आज काय काढलं होतं?

मला संशय येतोय. गाडी विकायचं ठरवतायत का? की मेव्हण्याला स्टिअरिंग हवंय? त्याचा स्वभाव तसा नाही, पण अकरा वर्षं लायसन्स खिशात घेऊन फिरणाऱ्या माणसाच्या मनात काय असेल ते कोणी सांगावं. मी विचारलं, कसली मसलत? बायको म्हणाली, "तुमच्या वाढदिवसाची." माझा वाढदिवस डिसेंबरात असतो.

२८ मार्च

ड्रम बसले, लायनर बसले. गाडी खाणीवर नेऊन दोन खेपा मारून पाहिल्या. ब्रेक लोण्यासारखा लागतो. मिस्त्री कामाशी काम, एवढंच बोलतो.

मेव्हणा हट्टाने सोबत आला. रिव्हर्सला आता मागे उभा राहत नाही. पुढे सरकून आरशात दिसेल असा उभा राहतो आणि धडधाकट हातात लाल फडकं धरून हलवतो. फडकं वर म्हणजे थांबा. हे काय नवीन खूळ, विचारलं. म्हणाला, "ओरडून घसा बसतो, दाजी." चांगलं आहे म्हटलं. खरं तर सोपं जातं मला. खूप सोपं जातं.

पाच नळ्या बदलल्या, शिट्टी गेली नाही.

२ एप्रिल

गाडी गॅरेजात. रंगाचा हात चाललाय, उद्या दिवे. मी दिवसभर घरी, करायला काही नाही. बायको बाजारात गेलेली. घरात चिटपाखरू नाही आणि शिट्टी चालू.

उठून नळ बघितला. गॅसची शेगडी बघितली. फ्रिजची वायर काढली. शिट्टी आहेच. मग दोन्ही तळव्यांनी कान घट्ट दाबले. कान दाबल्यावर बाहेरचा आवाज कमी व्हायला हवा. शिट्टी मोठी झाली.

हात काढले. पुन्हा दाबले. पुन्हा मोठी झाली.

पुढचं आज लिहीत नाही.

५ एप्रिल

पासिंग. सगळं लिहितो.

सकाळी आठला मैदानात पोचलो. आम्ही तिघं केबिनमध्ये आणि बायको मागून रिक्षाने. तिला कोणी बोलावलं नव्हतं. साहेब तरुण, शर्ट इस्त्रीचा, पण माणूस कामाचा. पॅन्टला माती लागेल ह्याची पर्वा न करता गाडीखाली शिरला. स्टिअरिंगचा खेळ बघितला, पाटे बघितले, चाकं हलवून बघितली. धूर मोजला. रोलरवर ब्रेक मोजले. डायरी चाळली, म्हणजे दुसरी, साफ लिहिलेली. म्हणाला, बावीस वर्षांची वाटत नाही. मिस्त्री पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसला. मला वाटलं झालं, सुटलो.

मग हवेची परीक्षा. साहेब दाराच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, इंजिन बंद, किल्ली चालू. ब्रेकचं पॅडल दाबत राहा, हवा उतरेल. बझर वाजला की थांबा. मिस्त्रीने तिसरा बझर डॅशबोर्डच्या वर बसवला होता, मला न विचारता.

मी दाबायला लागलो. काटा उतरायला लागला. मी कान देऊन बसलो. सगळं आयुष्य जसं बसलो तसा. शिट्टी होती, ती सोडून काही नाही. काटा लाल पट्ट्यात आला. मी दाबतोय. लाल पट्टा संपत आला. मी मनात म्हणालो, गेली. एवढ्या एका फडतूस बझरपायी गाडी गेली, मिस्त्रीने घात केला.

समोरच्या काचेतून मेव्हणा दिसला. धडधाकट हाताचं बोट कानात घालून उभा होता. शेजारच्या गाडीचा ड्रायव्हर तोंड वाकडं करून आमच्याकडे बघत होता. मिस्त्री जमिनीकडे बघत होता. बायको सरळ माझ्याकडे बघत होती आणि रडत होती. ती मला रडताना फार कमी वेळा दिसलीय.

साहेबाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे ओठ हलले. मी म्हणालो, साहेब, बझर नकली निघाला, गाडीचा दोष नाही, ब्रेक तुम्ही पाहिलेत.  मग त्याने माझं मनगट धरलं, माझी बोटं उचलून बझरवर टेकवली आणि तशीच दाबून धरली.

बोटांना मुंग्या येत होत्या. बझर थरथरत होता. मी हात काढला नाही. किती वेळ कोण जाणे.

मग माझ्या डोळ्यांसमोर एकदम खडी मशीनचा चौथराच आला.

साहेबाने कागदावर शिक्का मारला. वाकून माझ्या कानाशी मोठ्याने म्हणाला, "गाडी पास आहे. लायसन्सचं काम माझ्या टेबलावर नाही. पण ही घरी कोण नेणार ते आत्ता ठरवा, आणि मला दिसू द्या." मी खाली उतरलो. मिस्त्री वर चढला.

मेव्हणा गेटपाशी चहा घेऊन आला, एका हातात दोन कप कसेबसे धरून. मी त्याला म्हणालो, तू त्या दिवशी ओरडला होतास. तो म्हणाला, "जाऊ द्या ना दाजी." मी विचारलं, किती वेळा? त्याने कप कठड्यावर ठेवले, माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मोजायला वेळ नव्हता हो." आणि हसला. मला हसू आलं नाही. मी म्हणालो, मग दवाखान्यात खोटं का बोललास? तो म्हणाला, "खरं सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी किल्ली खुंटीला लावली असती. आणि गाडीखाली पुन्हा शिरला नसता. पासिंगपर्यंत तुम्ही हवे होता. ताईला मी सांगितलं होतं, लाल फडक्यावर तेवढे दिवस काढू."

त्याच्या बांधलेल्या हाताला हात लावायचा होता मला. लावला. रडलो मी, लोकांदेखत. लिहून ठेवतो, लाजण्यासारखं काही नाही. मी ह्या माणसाला मारलं असतं आणि वर त्यालाच शिव्या घातल्या असत्या.

९ एप्रिल

कानाची डॉक्टरीण. काचेच्या खोपटात बसवलं, हातात बटण दिलं, आवाज आला की दाबा. खालचे जाड आवाज सगळे दाबले, एकही चुकलो नाही. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं बाई जेवायला गेली. बाहेर बघतो तर ती एकामागून एक आवाज सोडत होती.

म्हणाली, इंजिनाची घरघर, दांड्याची खटखट हे तुम्हाला तरण्या माणसासारखं ऐकू येतं. बारीक आवाज गेले. गळणाऱ्या हवेचा, बेलचा, बायकांच्या आवाजाचा बराचसा भाग. लांबून मारलेली हाकही. इंजिनानेच खाल्ले, इतकी वर्षं खिडकी उघडी ठेवून. शिट्टी गाडीची नाही, माझी आहे. मी विचारलं, पार्ट बदलून मिळतो का? ती हसली. कानात घालायचं मशीन मिळेल, त्याने बोलणं कळेल. शिट्टी राहील. गाडी चालवायची का, हे मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं.

तिथून मिस्त्रीकडे गेलो. त्याला म्हणालो, तुझे हात गेले म्हणालो ते मागे घेतो. तो म्हणाला, "पाच नळ्या फुकट बदलल्यास, त्या जोरावर तर हवेच्या परीक्षेत पास झाली." मग माझ्या अगदी तोंडासमोर तोंड आणून, मुद्दाम, एक सणसणीत शिवी दिली. स्वच्छ ऐकू आली.

१४ एप्रिल

मेव्हण्याची पट्टी शनिवारी सुटली. बोटं वाकतात, एक थोडं कमी. आज पहिली खेप.

किल्ली मी त्याच्या हातात दिली. त्याने सीट पुढे ओढली, आरसे आपल्या उंचीला फिरवले. ते फिरवताना मला बघवेना, म्हणून बाहेर बघत बसलो. गिअर घालताना दोनदा करकर झाली असणार, त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. तिसऱ्यांदा बरोबर पडला. चढावर मी म्हणालो दुसरा टाक, तो आधीच टाकत होता. 

चौथऱ्यापाशी कोणीतरी मागे उभं राहायला हवं होतं. मुकादम म्हणाला माणूस देतो. मी नको म्हणालो आणि उतरलो. लोखंडी खांबाजवळ जाऊन उभा राहिलो, मेव्हणा उभा राहायचा तिथे. बावीस वर्षांत ह्या जागी मी एकदाही उभा राहिलो नव्हतो. गाडी मागून किती मोठी दिसते ते मला माहीत नव्हतं. फाळका भिंतीसारखा अंगावर येतो. पायाखालची जमीन हलते. मागे सरकायला जागा नाही.

येऊ दे, येऊ दे म्हणत होतो.  फाळका चार हातांवर आला तेव्हा थांब म्हणालो. एकदाच म्हणालो.

गाडी जागच्या जागी थांबली.

मी खांबाला धरून उभा राहिलो. मेव्हण्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि काहीतरी विचारलं. मी कानाकडे बोट दाखवलं, नाही आलं ऐकू. आजवर असं कोणासमोर केलं नव्हतं. तो इंजिन चालू ठेवून खाली उतरला, चालत माझ्यापर्यंत आला आणि समोर उभा राहून म्हणाला, "बरोबर लागली का, दाजी?"

बरोबर लागली म्हणालो. ओत आता.